कॅमेरा ड्रोन उडवायला शिका: सोलापूर परिसरातल्या नवख्या फोटोग्राफरसाठी

हातात पहिला कॅमेरा ड्रोन आला की फोटोग्राफर त्याच दिवशी फोटो काढायला निघतो. बहुतेक ड्रोन पडतात ते या घाईने. कारण साधं आहे. जमिनीवर फोटो काढताना आपली नजर फ्रेममध्ये गुंतलेली असते आणि पाय आपोआप जागेवर राहतात. ड्रोन उडवताना मात्र नजर फ्रेममध्ये गुंतली की यंत्र कुठे चाललंय, मागे झाड आहे की वीजवाहिनी, वारा कुठे ढकलतोय, याकडे बघायला कुणीच उरत नाही. म्हणून या लेखातला क्रम थोडा उलटा वाटेल. आधी काही दिवस कॅमेरा विसरून फक्त उडवायचं. हात स्वतःहून वळायला लागले की मग पडद्याकडे बघायचं.

सोलापूरकरांना यात एक मोठी सोय आहे आणि एक मोठी अडचण. जिल्हा सपाट आहे, आभाळ वर्षातले बरेच महिने मोकळं असतं आणि सुगी झाल्यावर मोकळी रानं भरपूर मिळतात. शिकायला याहून चांगली जमीन नाही. अडचण अशी की विमानतळ शहराला अगदी खेटून आहे आणि ऊन यंत्राच्या सोसण्यापलीकडे जातं. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कोणता ड्रोन घ्यायचा

पहिला प्रश्न किमतीचा किंवा मेगापिक्सेलचा नसावा, वजनाचा असावा. आपल्याकडचे ड्रोन नियम २०२१ वजनावर बेतलेले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’, २ ते २५ किलोचा ‘स्मॉल’. नॅनो उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो स्वतःच्या हौसेसाठी, पैसे न घेता उडवत असाल तर तेव्हाही लागत नाही. लग्नाच्या किंवा जाहिरातीच्या कामासाठी मायक्रो उडवायचा म्हटलं की प्रमाणपत्र हवंच. शिवाय नॅनो सोडून बाकी सगळ्यांना तृतीय पक्ष विमा काढावा लागतो.

नवख्याने नॅनोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. २४९ ग्रॅमच्या आतले कॅमेरा ड्रोन आज १२ मेगापिक्सेल किंवा त्याहून मोठा फोटो, रॉ फाइल आणि ४के व्हिडिओ देतात. शिकायला आणि छापायलाही ते पुरेसं आहे. वजन कमी म्हणजे चूक झाल्यावर नुकसानही कमी, तुमचं आणि खाली असणाऱ्याचंही. ते वजन कागदावरचं नसून उडतानाचं धरतात. पंख्यांची जाळी, मोठी बॅटरी, वर चिकटवलेला दिवा असं काही लावलं की तराजूवर ठेवून बघा. २५० चा आकडा सहज ओलांडला जातो.

खरेदीत एक गोष्ट ध्यानात ठेवायची. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारची बंदी आहे. सुटे भाग आणता येतात, अख्खा ड्रोन नाही. म्हणजे ‘बाहेरून आणून देतो’ असं सांगणाऱ्याकडून घेतलेल्या यंत्राचं बिल नीट नसतं, नोंदणी अडते आणि बिघडलं तर कुणी हात लावत नाही. जुना ड्रोन घेत असाल तर मूळ बिल मागा, अनुक्रमांक ड्रोनवर आणि डब्यावर सारखाच आहे का ते बघा, आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून तो काढला आहे याची खात्री करा. बॅटऱ्या सपाट जागेवर ठेवून पाहा. पोट फुगलेलं दिसलं तर सौदा तिथेच सोडा.

ड्रोनबरोबर किमान दोन जादा बॅटऱ्या आणि पंख्यांचे दोन जादा संच घ्या. एका बॅटरीवर कंपनी तीसएक मिनिटं लिहिते. परतीसाठी थोडी बॅटरी राखून, वाऱ्यात, प्रत्यक्ष वीस-बावीस मिनिटंच हाती लागतात. सरावाला तेवढी पुरत नाहीत.

नकाशा आधी, उड्डाण नंतर

ड्रोनची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर करायची असते. तिथे यंत्राला यूआयएन, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो. तो लिहून ड्रोनवर चिकटवा. दुसरं काम, ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई नकाशा उघडून उडवायची जागा बघणं. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उचलायचाच नाही.

सोलापुरात ही गोष्ट कागदी राहत नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ पासून नियमित प्रवासी विमानं सुरू झाली आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग फक्त २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंत असतो. त्याहून जवळ आलात की नकाशा पिवळा किंवा लाल होतो. जुळे सोलापूर, होटगी रस्ता, अक्कलकोट रस्त्याची एमआयडीसी हे तर विमानतळाच्या अगदी शेजारचे भाग, आणि जुन्या शहराचा बराचसा पसारासुद्धा या आठ किलोमीटरांत येतो. ‘घराच्या गच्चीवरून जरा वर नेऊन बघतो’ हा मोह सोलापूरच्या माणसाने पहिल्या दिवसापासून सोडायला हवा. उतरणाऱ्या विमानात आपल्यासारखीच माणसं बसलेली असतात.

नकाशावर रंग काहीही असो, काही जागा सोडूनच द्यायच्या. फताटेवाडीचा एनटीपीसी वीज प्रकल्प, उजनी धरणाची भिंत आणि दरवाजे, रेल्वेमार्ग, कारागृह, पोलिसांच्या जागा. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य तर विचारातही आणू नका. तिथले पक्षी गवतात, जमिनीवर अंडी घालतात आणि डोक्यावर घोंघावणारं यंत्र त्यांना शिकारी पक्ष्यासारखंच वाटतं. गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, आषाढीला पंढरपुरात फोटो सुरेख मिळतील याबद्दल वाद नाही. पण हजारो लोकांच्या डोक्यावर नवख्या हाताने ड्रोन न्यायचा नसतो. अशा वेळी पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हा प्रशासन ड्रोनबंदीचे आदेश काढतात. ते वर्तमानपत्रात येतात, वाचत चला. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत सरकारी संकेतस्थळावर कळवावं लागतं.

सरावाची जागा

शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर बाहेर पडा. बार्शी, मंगळवेढा किंवा मोहोळच्या दिशेने, ओळखीच्या शेतकऱ्याचं रान मिळालं तर उत्तम. शाळूची काढणी झाल्यावर, साधारण फेब्रुवारीअखेरीपासून, रान मोकळं होतं. शेतमालकाला आधी विचारा, काय करणार आहात ते नीट सांगा आणि त्याला पडद्यावर त्याचं शेत दाखवा. हे शिष्टाचारापुरतं नाही. कुठल्या बांधावरून विजेची तार गेली आहे, विहिरीच्या मोटारीची जोडणी कुठून आली आहे, हे त्याला ठाऊक असतं आणि तुम्हाला नसतं. बारीक तार ड्रोनच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. समोर अडथळा ओळखणारे सेन्सर असले तरी त्यांनाही ती बहुधा दिसत नाही. म्हणून रानात पोचल्यावर आधी पायी एक फेरी मारायची, खांब मोजायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चालायचं.

आपली काळी माती वाळली की तिची धूळ पिठासारखी बारीक होते. उडताना आणि उतरताना पंख्यांचा झोत ती थेट मोटारींत आणि गिंबलमध्ये, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या जोडणीत, फेकतो. गिंबल नाजूक असतं. त्यात खडा अडकला की चित्र थरथरायला लागतं. खाली काहीतरी अंथरायलाच हवं, पण ते जड हवं. घडीचा लँडिंग पॅड खुंट्या ठोकून बसवा किंवा प्लायवुडचा दोन-अडीच फुटी तुकडा गाडीत ठेवा. चादर किंवा टॉवेल अंथरू नका. त्याचं टोक उडून पंख्यात येतं.

मोटारीचं बॉनेट, सळईचा स्लॅब, पत्र्याची शेड, लोखंडी झाकण यांच्यावरून ड्रोन उचलू नका. लोखंडाने त्याचं होकायंत्र बिघडतं आणि दिशा चुकलेला ड्रोन वर गेल्यावर गोल फिरत लांब जाऊ शकतो.

वेळ सकाळची. सोलापुरात जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मेअखेरीस सहाच्या आत. उगवल्यापासून दीड तास हवा शांत असते आणि प्रकाशही तेव्हाच चांगला असतो. दुपारी जमीन तापली की हवेचे भोवरे उठतात. ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेचा वारा दिवसभर वाहतो. छोटा ड्रोन ताशी ३५-३८ किलोमीटरच्या वाऱ्यात तग धरतो असं कंपन्या लिहितात, पण सुरुवातीला ताशी २० च्या वर वारा असेल तर घरी परत या. जमिनीवर झुळूक असते तेव्हा साठ मीटरवर चांगला वारा असू शकतो. झाडांच्या शेंड्यांकडे बघायची सवय लावा.

उचलण्यापूर्वी

घरी बसून तीन सेटिंग करून ठेवा. पहिली, परतीची उंची. सिग्नल तुटला की ड्रोन या उंचीवर चढतो आणि सरळ घराकडे, म्हणजे जिथून उचलला त्या जागेकडे, निघतो. जवळच्या सर्वांत उंच झाडाहून, खांबाहून, टॉवरहून ती किमान दहा-पंधरा मीटर जास्त हवी. मोकळ्या रानात ४० मीटर पुरते. दुसरी, जास्तीत जास्त उंची आणि अंतर. सरावाच्या काळात उंची परतीच्या उंचीहून थोडीच जास्त, म्हणजे ५० मीटर, आणि अंतर १०० मीटर बांधून टाका. बोट चुकलं तरी यंत्र त्या कुंपणाबाहेर जाणार नाही. तिसरी, सिग्नल तुटल्यावर काय करायचं तो पर्याय. तिथे ‘परत ये’ निवडा.

जागेवर गेल्यावर आधी पंखे हाताने फिरवून बघा. एखाद्याची कड तुटलेली असेल तर बदला, तुटका पंखा हवेत मोटार तापवतो. मग गिंबलचं झाकण काढा. ते राहिलं की सुरू होतानाच गिंबलची मोटार झटपटते. बॅटरी ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबा. रिमोट आधी चालू, ड्रोन नंतर. बंद करताना उलट. आता थांबा. पडद्यावर दहा-बारा उपग्रह सापडल्याचं आणि ‘होम पॉइंट नोंदवला’ असं दिसेपर्यंत उचलू नका. ही एक-दोन मिनिटं चुकवणाऱ्यांचा ड्रोन परत येताना भलत्याच जागी उतरतो, कारण घर कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

हात बसवण्याचे सराव

बहुतेक रिमोटवर डाव्या दांडीने वर-खाली आणि जागच्या जागी वळणं, उजव्या दांडीने पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकणं होतं. दांडी अंगठ्याच्या टोकाने ढकलण्यापेक्षा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. हालचाल बारीक होते. वेगाचा मोड सर्वांत मंद ठेवा, कॅमेऱ्यासाठी तोच ‘सिने’ किंवा ‘ट्रायपॉड’ नावाने असतो. ‘स्पोर्ट’ मोडला सध्या हात लावू नका. त्यात वेग वाढतोच, शिवाय अडथळे ओळखणारे सेन्सर बंद पडतात.

पहिल्या दिवशी ड्रोन डोळ्यांच्या उंचीवर, तीन-चार मीटर दूर, पाठ तुमच्याकडे करून फक्त स्थिर ठेवा. दांड्या सोडा आणि बघा. तो जागेवर थांबतो, थोडा डोलतो, वाऱ्याच्या विरुद्ध झुकून उभा राहतो. गडबड झाली की दांड्या सोडायच्या, हे इथेच अंगात मुरवून घ्या. नवखा माणूस घाबरला की दांडी आणखी जोरात ओढतो. मग उतरवा, पुन्हा उचला. उतरवताना शेवटचा मीटर अगदी सावकाश.

दुसरा सराव चौकोनाचा. रानात चार दगड ठेवून वीस मीटरचा चौकोन आखा. पाठ कायम आपल्याकडे ठेवून ड्रोन एका दगडावरून दुसऱ्यावर न्या, प्रत्येकावर थांबवा. फोन खिशात असता तर बरं, असं वाटावं इतकं पडद्याकडे दुर्लक्ष करा. नजर यंत्रावर. हे जमलं की तोच चौकोन ड्रोनचं तोंड जायच्या दिशेला वळवत करा.

तिसरा सराव अवघड आहे आणि याच्यावरच सर्वांत जास्त वेळ द्यावा. ड्रोनचं तोंड तुमच्याकडे वळवा. आता डावं-उजवं उलटं झालं. आरशात बघून भांग पाडताना हात जसा भलतीकडे जातो तसं होतं. पाच मीटर उंचीवर, समोर मोकळी जागा ठेवून, त्याला डावीकडे न्या, उजवीकडे न्या, जवळ आणा, थांबवा. मनात ‘उजवी दांडी डावीकडे म्हणजे तो माझ्या उजवीकडे’ असं म्हणत बसू नका. त्याऐवजी आपण ड्रोनच्या आत बसलोय आणि तिथून आपल्याला बघतोय असं धरा. डोक्यात दिशा बदलण्याची ही सवय दोन-तीन सकाळी लावून घ्या, कारण परत येणारा ड्रोन जवळपास नेहमी तोंड तुमच्याकडे करूनच येत असतो आणि अपघात बहुधा परतीतच होतात.

चौथा, आठचा आकडा. दोन दगडांभोवती सलग, न थांबता. यात दोन्ही हात एकाच वेळी काम करतात. पाचवा, एका झाडाभोवती प्रदक्षिणा: उजव्या दांडीने एका बाजूला सरकायचं आणि डावीने विरुद्ध बाजूला वळायचं, म्हणजे झाड पडद्याच्या मध्यात राहतं. ड्रोनमध्ये ही फेरी आपोआप मारणारी सोय असते. ती वापरायला हरकत नाही, पण हाताने येत असेल तरच; आपोआप फिरणाऱ्या ड्रोनला फांदी दिसेलच असं नाही.

शेवटी ‘परत ये’ बटणाचा सराव. साठ-सत्तर मीटर दूर नेऊन मुद्दाम ते दाबा. तो चढतो कसा, वळतो कसा, उतरतो कसा हे एकदा शांतपणे बघून ठेवा. मध्येच रद्द करून हातात घ्या. खरी वेळ येईल तेव्हा ते ओळखीचं वाटलं पाहिजे.

हे सगळं घरी संगणकावर किंवा मोबाइलवरच्या सिम्युलेटरमध्येही करता येतं. पावसाळ्यात तर तोच पर्याय. फक्त रिमोट हातात घेऊन करता येईल असा सिम्युलेटर शोधा. काचेवर बोट फिरवून हात बसत नाही.

ऊन, बॅटरी आणि परतीचं गणित

बहुतेक छोट्या ड्रोनचं कामाचं तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि ते सावलीतलं तापमान असतं. काळ्या रानावर, थेट उन्हात यंत्र त्याहून तापतं. म्हणजे उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर ड्रोन पिशवीतच राहू द्या. फोनही तापून पडदा मंद करतो, कधी अॅपच बंद पडतं. रिमोटवर सावली धरणारी टोपी लावा.

बॅटरी उतरल्या उतरल्या गरम असते, तशीच चार्जिंगला लावू नका. अर्धा तास गार होऊ द्या. उभ्या बंद गाडीत कधी ठेवू नका, दुपारी गाडीच्या आत भट्टी होते. आठवडाभर उडवणार नसाल तर ती पूर्ण भरून न ठेवता ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

परतीचं गणित वाऱ्यावर अवलंबून असतं. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा ढकलतो. उलट केलंत तर जाताना मजा वाटते आणि परत येताना निम्म्या वाटेत बॅटरी लाल होते. अगदी तळाला गेलेला ड्रोन असेल तिथे उतरायला लागतो, मग खाली ऊस असो की पाणी. म्हणून ४० टक्क्यांवर तोंड घराकडे, ३० वर डोक्यावर, २५ वर जमिनीवर. हा नियम मी कुठल्याही चांगल्या फोटोसाठी मोडू नका असंच सांगेन.

आता कॅमेरा

उंचीचा मोह सगळ्यांना होतो. शंभर मीटरवरून आपला जिल्हा नकाशासारखा चपटा दिसतो, डोंगरच नाहीत तर वर जाऊन मिळणार काय? चांगले फोटो बहुधा १० ते ४० मीटरच्या दरम्यान सापडतात, जिथे माणूस माणसासारखा आणि बैल बैलासारखा दिसतो, तरी खालची मांडणीही कळते. एखादा विषय दिसला की आधी १० मीटरवर फोटो घ्या, मग २०, मग ४०. घरी येऊन तिन्ही शेजारी ठेवून बघा. उंचीचा अंदाज याच सवयीने येतो.

सपाट मुलखात खोली येते ती सावल्यांमुळे. सूर्य तिरपा असताना शाळूच्या ओळी, डाळिंबाची झाडं, बांधावरची बाभूळ यांच्या लांब सावल्या पडतात आणि सरळ खाली वळवलेल्या कॅमेऱ्यातून झाडापेक्षा सावलीचाच आकार जास्त बोलतो. दहा वाजले की तीच जागा निर्जीव दिसते. क्षितिज फ्रेममध्ये घ्यायचं असेल तर आभाळात काहीतरी हवं. उन्हाळ्यातलं पांढरं आभाळ अर्धी फ्रेम खातं. तेव्हा कॅमेरा ३० ते ४५ अंश खाली झुकवून क्षितिज बाहेर काढा.

सेटिंग थोडक्यात: रॉ फाइल, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स हाताने बांधलेला, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) चालू. उन्हात पडद्याच्या उजळपणावर भरवसा ठेवू नका, हिस्टोग्राम उजव्या कडेला आदळत नाही ना एवढं बघा. प्रकाश-सावलीचा फरक फार असेल तर तीन किंवा पाच एक्स्पोजरचा संच घ्या आणि घरी जोडा.

व्हिडिओत वेगळी गंमत आहे. छोट्या ड्रोनचं अॅपर्चर बहुधा बदलता येत नाही. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५० च्या आसपास हवं, तरच हालचाल मऊ दिसते. भर उन्हात एफ २.८ आणि आयएसओ १०० ला शटर १/३२०० पर्यंत जातं, म्हणजे प्रकाश सहा पायऱ्यांनी कमी करायला हवा. तेवढं काम एनडी ६४ फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश अडवणारी गडद काच, करतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात एनडी ८ किंवा १६ पुरतो. फोटोसाठी हे फिल्टर लागत नाहीत, काढून ठेवा.

कॅमेऱ्याच्या हालचाली कमी आणि लांब ठेवा. एका दिशेने, एकाच वेगाने, दहा सेकंद. झाडाच्या किंवा कडब्याच्या गंजीच्या मागून सावकाश वर येत पलीकडचं रान उघडणं. बैलगाडीच्या बरोबरीने, बाजूने, बैल बुजणार नाहीत इतक्या अंतरावरून जाणं. सरळ खाली बघत हळूहळू वर जाणं. या तीन नीट आल्या की खूप झालं. उड्डाण सुरू करण्याआधी जमिनीवर उभं राहून ठरवा: काय घेणार, कुठून सुरुवात, कुठे शेवट. वर गेल्यावर विचार करत बसलात की बॅटरीही जाते आणि नजरही पुन्हा पडद्याला चिकटते. फ्रेम लावा, मग मान वर करून ड्रोन बघा, मग शटर दाबा. शक्य असेल तर सोबत एक जण असू द्या. त्याने फक्त आभाळाकडे बघायचं आणि काही जवळ येत असेल तर सांगायचं.

विषय आपल्याकडे बारमाही आहेत. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याची रानं आणि मंगळवेढ्याकडचा काळ्या जमिनीवरचा शाळू. हिवाळाभर ऊसतोड, फडात निम्मा कापलेला आणि निम्मा उभा ऊस अशी सरळ रेघ. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागा. हत्तरसंग कुडल इथला भीमा-सीनेचा संगम तर वरूनच कळतो, दोन नद्यांच्या पाण्याचे रंग कधी कधी वेगळे असतात. तिथलं मंदिर आणि शके ९४० चा मराठी शिलालेख हा जपून ठेवायचा ठेवा आहे, ड्रोन मंदिरापासून लांब नदीवर ठेवा. उजनीचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं तेव्हा गाळाच्या रेषा आणि उघडे पडलेले काठ विलक्षण दिसतात. हिवाळ्यात त्याच पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. त्यांच्या थव्यावर ड्रोन नेऊन ते उडवणं हा गुन्हाच समजा. त्यांचे फोटो काठावरून लांब लेन्सने घ्या.

पाणी, घार आणि तुटलेला सिग्नल

पाण्यावर उडवताना एक तांत्रिक धोका आहे. ड्रोनच्या पोटाखालचे सेन्सर जमिनीचा पोत बघून जागा धरतात. हलणाऱ्या किंवा चकाकणाऱ्या पाण्यावर ते फसतात आणि यंत्र नकळत खाली येतं किंवा लाटेबरोबर सरकतं. हिप्परगा तलाव असो की उजनी, पाण्यापासून किमान पाच-सहा मीटर वर राहा आणि उतरताना काठापासून चांगलं जमिनीच्या बाजूला या.

घारी आपल्याकडे सगळीकडे आहेत. गावाच्या कडेला, कत्तलखान्याजवळ, कचरा डेपोजवळ तर थवेच्या थवे. विणीच्या काळात, साधारण हिवाळ्यात, त्या ड्रोनवर झेप घेतात. घार फेऱ्या मारत जवळ येताना दिसली की फोटो विसरा. ती वरून झडप घालते, म्हणून ड्रोन आधी सरळ वर न्या, ती बाजूला झाली की आडव्या दिशेने निघून या आणि उतरवा. त्या सकाळी तिथे पुन्हा उडवू नका. ती जागा तिची आहे. पतंगांच्या दिवसांत वस्तीजवळ तर उडवूच नका, मांजा पंख्यात गुंडाळला की ड्रोन दगडासारखा पडतो.

पडद्यावरचं चित्र गेलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा ड्रोन ठीक असतो, फक्त चित्र तुटलेलं असतं. दांड्या सोडा, रिमोटचा अँटेना ड्रोनकडे नीट वळवा, दोन पावलं मोकळ्यात या. अँटेनाचं टोक ड्रोनवर रोखायचं नसतं, त्याची चपटी बाजू ड्रोनकडे करायची असते. तरीही चित्र आलं नाही तर ‘परत ये’ दाबा आणि आभाळाकडे बघत, आवाज ऐकत थांबा. अशा वेळी जागा सोडून धावत सुटू नका, तो परत येणार आहे ते तुम्ही उचललं त्याच ठिकाणी.

पैसे घेऊन काम करायचं असेल तर

सोलापुरात लग्नसराईत ड्रोनला चांगली मागणी आहे. ते काम घेण्याआधी निदान सहा महिने मोकळ्या रानात नियमित उडवा. २५० ग्रॅमवरचा ड्रोन व्यवसायासाठी वापरणार असाल तर डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतून रिमोट पायलट प्रमाणपत्र घ्या. वय १८ ते ६५ आणि दहावी उत्तीर्ण ही अट आहे. यजमानाला आधीच सांगा की मंगल कार्यालय विमानतळाजवळ असेल तर परवानगीशिवाय ड्रोन उडणार नाही, अक्षता पडताना वऱ्हाडाच्या डोक्यावर तो आणणार नाही आणि फटाके सुरू झाले की लगेच खाली उतरवणार. हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. शेजारच्या घराच्या अंगणात, गच्चीवर कुणी असेल तर कॅमेरा तिकडे वळवू नका. कुणी येऊन ‘काय टिपताय?’ असं विचारलं तर ड्रोन उतरवून, पडद्यावर चित्र दाखवून शांतपणे सांगा.